स्वस्त दुकान व गरीब गिऱ्हाईक

जो दुकानदार स्वस्त विकतो तो गरिबांचा मित्र, आणि जो महाग विकतो तो त्यांचा वैरी, असें आपण सहज बोलून जातों. हें बोलणें वरवर पाहतां इतकें उघड दिसतें कीं, त्याचा विचार करण्याची गरजच कोणास वाटत नाहीं. परंतु ज्या गोष्टींचा विचार करण्याची गरज वाटत नाहीं, त्यांपाशींच कधीं कधीं थांबावें लागतें. स्वस्ताई ही नेहमींच दया असते काय? गरिबास थोड्या पैशांत वस्तु दिली, म्हणजे त्याचें आपल्याकडे असलेलें सर्व देणें फिटलें काय? हा प्रश्न नुसता हवेंत सोडवूं जाण्यापेक्षां एखाद्या खऱ्या व्यापाराच्या उदाहरणावरून सोडविलेला बरा. म्हणून आज आम्ही अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत पसरलेल्या दुकानांच्या एका साखळीची हकीकत वाचकांपुढें ठेवतों.

जे. एल. टर्नर नांवाच्या एका मुलाचा बाप तो अकरा वर्षांचा असतांना वारला. तिसऱ्या इयत्तेंतच शाळा सोडून त्यास घरचा भार उचलावा लागला, आणि पुढें जन्मभर त्यास नीटसें वाचतां आलें नाहीं. मोठेपणीं, मंदीच्या दिवसांत, बुडालेल्या दुकानांचा माल विकत घेऊन तो विकून टाकण्याचा धंदा त्यानें केला. १९३९ सालीं त्यानें व त्याचा मुलगा कॅल ह्यानें प्रत्येकीं ५,००० डॉलर घालून केंटकी राज्यांतील स्कॉट्सव्हिल ह्या लहानशा गांवीं घाऊक मालाची पेढी काढली. १९५५ सालीं त्याच राज्यांतील स्प्रिंगफील्ड गांवीं ह्या पेढीचें ‘डॉलर जनरल’ नांवाचें पहिलें दुकान उघडलें. त्याचा नियम एकच होता: दुकानांतील कोणत्याही वस्तूची किंमत एका डॉलरपेक्षां अधिक असावयाची नाहीं.

ज्याला वाचतां येत नव्हतें अशा मनुष्याच्या पेढींतून हा नियम निघावा, ह्यांत आम्हांस मोठा अर्थ दिसतो. ज्यास अक्षर ओळखतां येत नाहीं, त्यासही एक डॉलर ओळखतां येतो. दुकानांत शिरतांना आपल्या खिशांतील पैशांत काय बसेल हें त्यास आधींच ठाऊक असतें. गल्ल्यापुढें उभें राहून, मागच्या माणसांच्या देखत, ‘इतके पैसे नाहींत’ असें म्हणून वस्तु परत ठेवण्याची लाज त्यास सोसावी लागत नाहीं. गरिबाची लाज राखणें ही लहान गोष्ट नव्हे. ह्या कामीं ज्यांनीं पहिलें पाऊल टाकलें, त्यांस त्याचें श्रेय दिलेंच पाहिजे.

खरें पाहतां ही रीत ह्याहूनही जुनी आहे. फ्रँक वुलवर्थ ह्यानें १८७९ सालीं पेनसिल्व्हेनिया राज्यांतील लँकेस्टर येथें पांच सेंटांच्या मालाचें दुकान काढलें, व पुढें त्यांत दहा सेंटांच्या मालाची भर घातली. तेथें माल उघडा मांडलेला असे, गिऱ्हाइकास तो हातांत घेऊन पाहतां येई, भाव सर्वांस एकच असे, आणि घासाघीस नसे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजापणजांनीं दुकानाच्या पायरीखालीं उभें राहून, वरून टाकलेली पुडी झेलून मीठमिरची नेली आहे. ‘सर्वांस एकच भाव’ आणि ‘माल हातांत घेऊन पाहा’ ह्या दोन नियमांचें मोल त्यांच्या नातवंडांस कोणी समजावून सांगावयास नको.

परंतु त्याच वुलवर्थच्या दुकानांतील दुसरी एक गोष्टही लक्षांत ठेविली पाहिजे. नॉर्थ कॅरोलायना राज्यांतील ग्रीन्सबरो येथील दुकानांत १ फेब्रुवारी १९६० रोजीं चार कृष्णवर्णी विद्यार्थी गेले. त्यांनीं कांहीं किरकोळ माल घेतला, तेव्हां त्यांचे पैसे मुकाट्यानें घेण्यांत आले. मग ते त्याच दुकानांतील फराळाच्या जागीं बसले, तेव्हां त्यांना वाढण्याचें नाकारण्यांत आलें. पैसा चालला, पण माणूस चालला नाहीं. ते विद्यार्थी व त्यांचे सोबती पुनः पुनः येऊन तेथें शांतपणें बसत राहिले, आणि जुलै महिन्याच्या अखेरीस ती जागा सर्वांस मोकळी झाली. सारांश, किंमत सर्वांस सारखी असली म्हणजे न्याय सारखा होतोच असें नाहीं. ही गोष्ट मनांत ठेवून आपण पुन्हा टर्नर ह्यांच्या दुकानांकडे वळूं.

आज त्या साखळीच्या नांवांत डॉलर राहिला आहे, पण सर्व माल एका डॉलरांत मिळतो असें नाहीं. तिचा विस्तार मात्र अफाट झाला आहे. २०२४ सालीं टेक्सास राज्यांतील ॲलिस गांवीं तिनें आपलें २०,००० वें दुकान उघडलें. कंपनीच्या सांगण्याप्रमाणें तिच्या दर पांच दुकानांपैकीं सुमारें चार दुकानें २०,००० किंवा त्याहून कमी वस्तीच्या गांवीं आहेत. इमारत साधी व बहुधा भाड्याची, मालाचे प्रकार मोजके, आणि नोकर थोडे. अशा रीतीनें खर्च आटोक्यांत ठेवून, जेथें मोठे व्यापारी दुकान काढीत नाहींत तेथें ही साखळी जाते. साबण, औषधें, कागद, डबाबंद अन्न, मुलांचे कपडे हें सर्व एका छपराखालीं मिळतें. ज्या बाईस पूर्वीं मुलाच्या तापाच्या औषधासाठीं दुसऱ्या गांवापर्यंत मोटार न्यावी लागत होती, तिला तें आतां घराजवळ मिळतें. हा उपकार खरा आहे, आणि जो त्यास उपकार म्हणणार नाहीं त्यास खेड्यांतील जिणें माहीत नाहीं.

मग तक्रार कशाची? आमच्या मतें अशा स्वस्त दुकानाचे तीन हिशेब तपासले पाहिजेत: एक मापाचा, दुसरा नोकराचा, आणि तिसरा गांवाचा.

पहिला हिशेब मापाचा. वस्तु एका डॉलरला मिळाली एवढें कळून भागत नाहीं. डॉलरला किती मिळाली हेंही कळलें पाहिजे. २०१८ सालीं ह्या दुकानांविषयीं लिहितांना वार्ताहरांनीं दुधाचा हिशेब मांडला होता. एक डॉलरची दुधाची लहान पेटी सोळा औंसांची. म्हणजे एका गॅलनचा आठवा भाग. ह्या भावानें गॅलनभर दूध आठ डॉलरांस पडलें. मोठा डबा घेणाऱ्या सुखवस्तु मनुष्यास तेंच दूध ह्याहून पुष्कळ स्वस्त पडत होतें. ह्यांत कोणी खोटें माप वापरलें नाहीं; पेटीवर सोळा औंस लिहिलें होतें, आणि आंत सोळा औंसच होते. तरी ज्याच्यापाशीं पैसा थोडा, त्यानेंच दर घोटास अधिक पैसा दिला.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, ‘गरिबांनीं शहाणपणानें मोठें माप घ्यावें.’ असा उपदेश एके काळीं आम्हींही केला आहे, आणि त्याचें उत्तरही आम्हांस मिळालें आहे. आमच्या ओळखीची एक वृद्ध मजूर बाई रोज संध्याकाळीं दुकानांतून तेलाची, चहाची व साखरेची लहान लहान पुडी आणीत असे. आम्हीं तिला हिशेब करून दाखविला व म्हटलें, ‘मावशी, महिन्याचें सामान एकदम भरलें, तर तुमचे किती तरी पैसे वांचतील.’ ती हंसून म्हणाली, ‘बाबा, महिन्याचं सामान भरायचं तर महिन्याचे पैसे एका दिवशीं हातांत यायला हवेत. माझी मजुरी रोज येते आणि रोजच सरते.’ आमचा हिशेब चुकला नव्हता, पण आमचा न्याय चुकला होता. तिच्यापाशीं शहाणपण कमी आहे असें आम्ही समजत होतों. तिच्यापाशीं केवळ पैसा कमी होता. तेव्हांपासून लहान पुडी घेणाऱ्यास उधळा म्हणण्याचें आम्हीं सोडून दिलें आहे.

ह्याच हिशेबांतील आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२२ सालीं ओहायो राज्याच्या सरकारनें ह्या साखळीवर दावा लावला कीं, फळीवर लिहिलेली किंमत एक, आणि गल्ल्यावर घेतलेली किंमत त्याहून अधिक, असें प्रकार तिच्या दुकानांत होतात. पुढल्या वर्षीं कंपनीनें सुमारें १० लाख डॉलर देऊन तडजोड केली. ज्या गिऱ्हाइकानें घरून निघतांना पैसे मोजून आणलेले असतात, त्यास दहा सेंटांचा फरकही जाणवतो. एक डॉलर ही खूण ज्या विश्वासावर उभी राहिली होती, तो विश्वास अशा लहान लहान फरकांनींच झिजतो.

दुसरा हिशेब नोकराचा. थोड्या नोकरांवर दुकान चालविलें म्हणजे माल स्वस्त देतां येतो, हें खरें. पण मग मालाची गाडी आली कीं, तीच एकदोन माणसें खोकीं उतरवितात, फळ्या भरतात व गल्लाही सांभाळतात. न उघडलेल्या खोक्यांचा ढीग वाटेंत सांचतो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्यास २०१७ सालापासूनच्या तपासण्यांत वारंवार असें आढळून आलें कीं, ह्या साखळीच्या दुकानांत बाहेर पडण्याच्या वाटा व विजेच्या पेट्या अशा खोक्यांनीं अडलेल्या आहेत. आग लागली तर आंतील माणसांनीं पळावें कोठून? २०२४ सालीं कंपनीनें १ कोटी २० लाख डॉलर दंड भरण्याचें व सुधारणा करण्याचें कबूल केलें. येथें आम्ही वाचकांस विचारतों: गिऱ्हाइकाचे जे चार पैसे वांचले, ते कोठून आले? त्यांतील कांहीं व्यापाऱ्याच्या हुशारींतून आले असतील. पण कांहीं त्या एकट्या नोकराच्या पाठींतून व त्याच्या जिवाच्या धोक्यांतून आले. आणि तो नोकर कोण? बहुधा त्याच गांवचा, गिऱ्हाइकाइतकाच गरीब माणूस. एका गरिबाचें ओझें उचलून तें दुसऱ्या गरिबाच्या डोक्यावर ठेवलें, तर त्यास दया म्हणतां येणार नाहीं.

तिसरा हिशेब गांवाचा. कॅन्सस राज्यांत रीनो परगण्यांत हेवन व ब्यूलर अशीं दोन लहान गांवें आहेत. दोहोंची वस्ती हजार ते दीड हजारांच्या आसपास. हेवन गांवानें सवलती देऊन २०१५ सालीं ह्या साखळीचें दुकान आणविलें. गांवांत जुनें किराणा दुकान होतें. तेथें ताजीं फळें, भाजीपाला व मांस मिळत असे. नवें दुकान आल्यावर त्याची विक्री घटली, आणि सुमारें तीन वर्षांनीं तें बंद पडलें. ब्यूलर गांवानें मात्र ह्या साखळीस नकार दिला. तेथील किराणा दुकान त्या वेळीं टिकून राहिलें. अमेरिकेच्या कृषिखात्यांतील अर्थशास्त्र्यांनीं देशभरची माहिती तपासून असें दाखविलें आहे कीं, अशीं स्वस्त दुकानें आल्यावर स्वतंत्र किराणा दुकानांस जी झळ लागते, ती शहरांपेक्षां खेड्यांत अधिक असते. कंपनीनें अलीकडे हजारों दुकानांत फळें व भाजीपाला ठेवण्यास आरंभ केला आहे, हेंही न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. तरीही एक गोष्ट उरतेच. गांवचा दुकानदार गांवाच्या सभेस येतो. त्यास जाब विचारतां येतो. दूरच्या शहरांतील मालकास जाब विचारण्यास खेडुतानें कोणत्या दारीं जावें?

येथें दोन आक्षेप निघतात, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, ‘कोणी कोणावर जुलूम केला नाहीं; लोक आपखुशीनें तेथें गेले.’ हें खरें आहे. पण निवड करणाऱ्यापुढें काय काय ठेवलें होतें, हेंही पाहिलें पाहिजे. हेवनच्या प्रत्येक घरानें आपापले दोन पैसे वांचविले. जुनें दुकान बंद पडावें असें कदाचित् कोणाच्याही मनांत नव्हतें. एकेकट्याच्या निर्दोष निवडींची बेरीज होऊन जें घडलें, तें कोणीच निवडलें नव्हतें. अशा वेळीं एकट्या गरीब बाईच्या माथीं दोष मारणें अन्याय होय. जें सर्वांच्या हातून घडतें, त्याचा विचार सर्वांनीं मिळून, म्हणजे गांवाच्या सभेंतच, करावयास पाहिजे. आणि तोही दुकान बंद पडल्यावर नव्हे, आधीं.

दुसरा आक्षेप असा कीं, ‘जुना दुकानदार कोठें मोठा साधु होता?’ हाही खरा. आपल्याकडील जुन्या दुकानांत उधारीची वही होती, आणि त्या वहींत अडाण्याच्या नांवावर काय लिहिलें जाई हें अडाण्यास कधींच कळत नसे. ताजव्यास बोट लावणारे हातही आपण पाहिले आहेत. केवळ जुना म्हणून कोणत्याही दुकानदाराचा गिऱ्हाइकावर हक्क नाहीं. आम्ही जुन्याची बाजू घेत नाहीं व नव्याचीही घेत नाहीं. दोघांसही एकच कसोटी लावावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

ती कसोटी अशी. व्यापारांतील प्रत्येक स्वस्ताईची किंमत कोणी तरी देत असतो. ती व्यापाऱ्यानें आपल्या मेहनतीनें, काटकसरीनें किंवा नफा कमी करून दिली, तर ती स्वस्ताई पुण्याची होय. पण ती किंमत ज्यास दिसत नाहीं त्याच्याकडून, किंवा दिसत असूनही ज्यास नाहीं म्हणतां येत नाहीं त्याच्याकडून वसूल केली, तर ती स्वस्ताई नव्हे. ती झांकलेली महागाई होय. पेटी लहान करून जो भाव झांकला, नोकर कमी करून जो धोका झांकला, आणि दहा वर्षांनंतर गांवास जें मुकावें लागेल तें आजच्या सवलतीखालीं झांकलें, हे तिन्ही एकाच जातीचे दोष आहेत.

ह्या साखळीच्या हकीकतींत आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट आणखी एक आहे. वाचतां न येणाऱ्या त्या मूळ पुरुषाच्या स्मरणार्थ कंपनीनें १९९३ सालीं साक्षरतेसाठीं एक निधि स्थापला, आणि प्रौढांस व मुलांस वाचावयास शिकविणाऱ्या संस्थांस त्यांतून मदत दिली जाते. हें काम स्तुत्य आहे. परंतु ज्यास वाचतां येत नाहीं त्याची आठवण जर खरोखर ठेवावयाची, तर ती शाळेंत ठेवावी तशी दुकानाच्या फळीवरही ठेवावी. दर औंसास काय भाव पडतो हें मोठ्या अक्षरांत लिहिणें, आणि लिहिलें असेल तेंच गल्ल्यावर घेणें, हीही अडाण्याची सेवाच आहे. निधीला पैसा दिल्यानें ती सेवा माफ होत नाहीं.

आतां थोडें आपल्याविषयीं. आपल्या गांवच्या दुकानांत साबणाची, चहाची, केंस धुण्याच्या औषधाची लहान पुडी टांगलेली असते. तिचा व अमेरिकेंतील त्या दुधाच्या पेटीचा वंश एकच आहे. आपल्या देशांत वेष्टित मालावर कमाल किंमत छापावी लागते; आणि अलीकडील नियमांप्रमाणें दर ग्रॅमास किंवा दर मिलिलिटरास काय भाव पडतो तोही बहुतेक मालावर छापावयाचा असतो. हीं अक्षरें बारीक असतात, पण असतात. ज्यांना वाचतां येतें त्यांनीं तीं वाचावीं, आणि ज्यांना येत नाहीं त्या शेजाऱ्यांस वाचून दाखवावीं. शिक्षकांनीं मुलांस हिशेब शिकवितांना पुस्तकांतील उदाहरणांबरोबर दुकानांतील दोन पुड्यांचेंही उदाहरण घालावें.

आणि त्या वृद्ध बाईच्या उत्तरास उत्तर काय? तिला एकटीस महिन्याचें पोतें घेतां येत नाहीं. पण दहा घरांनीं मिळून एक पोतें घेतलें, तर दहाही घरांस मोठ्या मापाचा भाव मिळतो. ही कल्पना नवी नाहीं. इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं १८४४ सालीं २८ कामकऱ्यांनीं थोडथोडे पैसे सांठवून स्वतःचें दुकान काढलें. पीठ, साखर, लोणी असा थोडाच माल. पण तो शुद्ध आणि माप पुरें. नफा झाला तर तो ज्यानें जितकी खरेदी केली त्या मानानें त्यालाच परत. तेथें विकणारा व घेणारा एकच असल्यामुळें भाव झांकण्याचें कारणच उरलें नाहीं. असें दुकान चालविणें सोपें नाहीं. त्यास वेळच्या वेळीं पैसे देणारीं माणसें व उघडी वही लागते. पण दहा घरांचें एक पोतें घेण्यास कोणतेंही मोठें भांडवल लागत नाहीं. एकमेकांवरचा विश्वास लागतो.

त्या मावशींचें उत्तर ऐकल्यावर आम्ही खालीं मान घालून घरीं परतलों. कांहीं दिवसांनीं त्यांच्या आळींतील सात बायांनीं मिळून तेलाचा एक डबा आणला. मापून देण्याचें काम मावशींकडेच आलें. पहिल्या दिवशीं त्यांनीं प्रत्येकीच्या बाटलींत तेल ओतून झाल्यावर डबा उलटा धरला, आणि तळाशीं उरलेले थेंब सातही बाटल्यांत मोजून सोडले. कोणीही मागितलें नव्हतें. स्वस्त काय आणि न्याय काय, ह्यांतला भेद आम्हीं इतका वेळ लिहून सांगितला; तो त्यांनीं शब्दावांचून करून दाखविला.